प्रवासी घेण्याआधी मागचे ९० दिवस मोजा : हेलिकॉप्टर वैमानिकांसाठी मार्गदर्शन

मे महिन्याच्या अखेरीस सुटी घेऊन घरी यायचे, पावसाळा फोंड्यात किंवा डिचोलीत काढायचा, चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून, पाहुण्यांचा राबता आटोपून मग सप्टेंबरमध्ये परत जायचे, असा परदेशात हेलिकॉप्टर शिकणाऱ्या आपल्या गोव्याकडच्या मुलामुलींचा साधारण क्रम असतो. परत गेल्यावर पहिल्याच रविवारी एखाद्या मित्राला शेजारी बसवून फिरवून आणण्याचा बेत ठरतो. परवाना खिशात असतो, वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असते, हेलिकॉप्टर भाड्याने मिळालेले असते. तरीही त्या रविवारी त्या मित्राला घेऊन जाणे बेकायदा ठरू शकते, आणि लॉगबुक उघडून तारखा मोजेपर्यंत बऱ्याच जणांच्या हे ध्यानातही येत नाही. परवाना एकदा मिळाला की बराच काळ टिकतो, पण प्रवासी नेण्याचा अधिकार मात्र मागच्या ९० दिवसांत तुम्ही काय केले यावर दररोज नव्याने ठरतो.

वैमानिकांच्या बोलीत हा अधिकार चालू असलेल्याला ‘करंट’ म्हणतात. ‘मी करंट नाही’ असे फोनवर बोलताना आईने ऐकले तर ती विजेचा विचार करील, म्हणून घरी हा शब्द जपून वापरावा. दुसरी गोष्ट शब्दांचीच, पण गमतीची नाही. या लेखात मी टेकऑफ आणि लँडिंग हेच शब्द ठेवले आहेत, कारण मराठीत ‘उड्डाण’ म्हटले की टेकऑफही होतो आणि सबंध फेरीही होते, आणि या नियमात नेमका तेवढाच घोटाळा परवडत नाही.

पहिली पायरी : नियम कोणाचा ते ठरवा

तुम्ही कोणत्या देशात, कोणत्या देशाच्या नोंदणीचे हेलिकॉप्टर, कोणत्या परवान्यावर उडवणार आहात, हे आधी कागदावर लिहावे. ‘एन’ अक्षराने सुरू होणाऱ्या नोंदणीचे हेलिकॉप्टर अमेरिकेत उडवत असाल तर तेथील फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे एफएएचा, ६१.५७ हा नियम लागू होतो. गोव्यातील अनेक कुटुंबांकडे पोर्तुगालचे नागरिकत्व असल्यामुळे काही जण थेट युरोपात शिकायला जातात. त्यांना युरोपीय संघाच्या ईएएसए या विमानसुरक्षा संस्थेच्या नियमावलीतील एफसीएल.०६० हे कलम पाहावे लागते. भारतात ‘व्हीटी’ नोंदणीच्या हेलिकॉप्टरसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना आणि डीजीसीएचे नियम लागतात. अमेरिकी परवाना दाखवून येथे थेट प्रवासी नेता येत नाहीत, त्याचे आधी रीतसर रूपांतर करून घ्यावे लागते.

तिन्हीकडे ‘९०’ आणि ‘३’ हे आकडे भेटतात, आणि त्यामुळेच एका ठिकाणचा नियम दुसरीकडे खपवण्याचा मोह होतो. आकडे सारखे असले तरी कशाचे ३ मोजायचे, कोणत्या हेलिकॉप्टरवर आणि रात्रीचे काय, या तपशिलांत फरक आहे.

दुसरी पायरी : मागे मोजा, पुढे नाही

मूळ अपेक्षा साधी आहे. प्रवासी नेण्याच्या दिवसापासून मागे ९० दिवस मोजायचे आणि त्या काळात तुम्ही किमान ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग केलेली असली पाहिजेत. ही झाली एफएएची मागणी. ईएएसए ३ टेकऑफ, ३ अप्रोच (उतरण्यासाठी जमिनीकडे खाली येण्याचा टप्पा) आणि ३ लँडिंग मागते. अप्रोच हा शब्द तेथे उगाच घातलेला नाही. हेलिकॉप्टर जागच्या जागी उचलून तीन फुटांवर स्थिर धरता येते आणि पुन्हा खाली ठेवता येते. एखादा चलाख वैमानिक पार्किंगच्या चौकोनातच तीन वेळा वर-खाली करून लॉगबुकात ‘३’ लिहून मोकळा होईल. युरोपात ते उघडच चालणार नाही. अमेरिकेच्या कलमात अप्रोच हा शब्द नाही, पण म्हणून तसे करणाऱ्याच्या शेजारी मी माझ्या भाच्याला बसवणार नाही. प्रत्येक वेळी सर्किट, म्हणजे टेकऑफपासून मैदानाभोवती फिरून लँडिंगपर्यंतची फेरी, पूर्ण करून यावे.

मोजणी करताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे ९० दिवसांना तीन महिने समजणे. १ जूनला केलेली लँडिंग ३० ऑगस्टला बरोबर ९० दिवसांची होते. १ सप्टेंबरला कॅलेंडरवर तीन महिने पुरे झाल्यासारखे वाटतात, पण तोवर ९२ दिवस उलटलेले असतात. सुटीवर आलेल्या विद्यार्थ्याचेच उदाहरण घेतले तर, २४ मे २०२५ रोजी त्याने शेवटची तीन सर्किटे केली असतील, तर त्यांचा उपयोग २२ ऑगस्टपर्यंत होता. त्या वर्षी चवथ २७ ऑगस्टला होती. म्हणजे घरात गणपती येण्याआधीच त्याचा प्रवासी नेण्याचा अधिकार संपला होता, आणि हे त्याला कोणी पत्राने वा फोनने कळवणार नव्हते. मुदत मोजणे हे सर्वस्वी वैमानिकाचे काम आहे.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. सगळी लँडिंग एकाच दिवशी केलेली नसतील तर प्रत्येकीची मुदत वेगळी संपते. समजा लॉगबुकात १२ मार्च, ४ मे आणि २० मे या तारखांना प्रत्येकी एक टेकऑफ आणि एक लँडिंग आहे. २० मे ही तारीख ताजी दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. पण १२ मार्चची लँडिंग १० जूननंतर ९० दिवसांच्या बाहेर पडते, आणि ११ जूनला तुमच्या हाती दोनच उरतात. तेव्हा शेवटची तारीख पाहायचीच नाही. लॉगबुकात शेवटून मागे यायचे, तिसरी लँडिंग शोधायची, तिच्या तारखेत ९० दिवस मिळवायचे. तीच तुमची खरी मुदत. मग हेच टेकऑफचेही करायचे, कारण दोन्ही आकडे नेहमी सारखे असतातच असे नाही. प्रशिक्षकाने एखादा टेकऑफ करून दाखवला आणि लँडिंग तुम्ही केली, तर त्या फेरीचे लँडिंग तुमचे असते, टेकऑफ नसतो. दोहोंपैकी जी तारीख आधी येते ती धरावी.

अगदी नव्वदाव्या दिवसावर बेत आखू नये, असे माझे मत आहे. त्या दिवशी धुके आले किंवा हेलिकॉप्टर देखभालीत अडकले की दुसऱ्या दिवशी सगळेच मुसळ केरात जाते.

तिसरी पायरी : कोणते हेलिकॉप्टर

अमेरिकेच्या नियमात ‘त्याच श्रेणीचे आणि त्याच वर्गाचे’ विमान लागते, आणि टाइप रेटिंग (त्या विशिष्ट प्रकारच्या विमानासाठीची वेगळी मान्यता) आवश्यक असेल तर त्याच टाइपचे. सेसना विमानात केलेली तीस लँडिंगसुद्धा हेलिकॉप्टरसाठी शून्य धरली जातात, हे उघड आहे. मात्र बहुतेक लहान हेलिकॉप्टरांना तेथे टाइप रेटिंग लागत नाही, त्यामुळे एका लहान हेलिकॉप्टरवरची लँडिंग दुसऱ्या लहान हेलिकॉप्टरवर प्रवासी नेण्यासाठी सर्वसाधारणपणे धरता येतात.

या सवलतीला एक मोठा अपवाद आहे आणि नेमका तोच बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. रॉबिन्सन आर-२२ आणि आर-४४ या दोन हेलिकॉप्टरांसाठी अमेरिकेने १९९५ साली स्वतंत्र विशेष नियम आणला. मुख्य रोटरची पाती हेलिकॉप्टरच्याच अंगावर आदळून झालेले अपघात ही त्यामागची पार्श्वभूमी होती. या हेलिकॉप्टरांचा रोटर हलका असतो, त्यात साठलेली फिरण्याची ऊर्जा कमी असते, आणि इंजिन थांबल्यावर कलेक्टिव्ह (सर्व पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली घ्यायला अगदी थोडा वेळ मिळतो. म्हणून आर-२२ मध्ये प्रवासी न्यायचा असेल तर ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग आर-२२ मध्येच, आणि आर-४४ मध्ये न्यायचा असेल तर आर-४४ मध्येच झालेली असली पाहिजेत. शिकताना तास स्वस्त पडावेत म्हणून दोन आसनांच्या आर-२२ मध्ये हात बसवायचा आणि घरचे लोक भेटायला आले की चार आसनांचे आर-४४ भाड्याने घ्यायचे, ही सर्रास चालणारी पद्धत येथे अडकते.

युरोपात हा प्रश्न नियमातच मिटवलेला आहे. तेथे हेलिकॉप्टरची मान्यता टाइपनुसार असते, त्यामुळे अलीकडचा अनुभवही सर्वसाधारणपणे त्याच टाइपवरचा किंवा त्या टाइपच्या मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचा लागतो.

चौथी पायरी : हात कोणाचा होता

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्या टेकऑफ-लँडिंगच्या वेळी नियंत्रणे एकट्या तुमच्याच हातात असली पाहिजेत. रॉबिन्सनच्या कॉकपिटमध्ये हा मुद्दा अगदी डोळ्यांसमोर दिसतो. दोन आसनांच्या मधून एकच सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारी काठी) वर येते, तिच्या माथ्यावर आडवी दांडी असते, आणि ती झोक्यासारखी डावी-उजवीकडे कलते. उजवीकडे बसलेल्या वैमानिकाने दांडी आपल्याकडे खाली घेतली की डावीकडचे टोक शेजाऱ्याच्या छातीसमोर वर जाते. प्रशिक्षक त्या टोकाला नुसते एक बोट लावून बसला, तर तो सोबत करतो आहे. पण शेवटच्या दहा फुटांत त्याने मूठ आवळली आणि हेलिकॉप्टर सरळ केले, तर ती लँडिंग तुमची राहिली नाही. अशा वेळी त्याला खाली उतरल्यावर स्पष्ट विचारावे, ‘सर, ही मोजू का?’ चांगला प्रशिक्षक खरे सांगतो. तो गप्प राहिला तर मोजू नये.

प्रवासी कोण, हेही येथेच समजून घ्यावे. पैसे न देता आलेला मित्र प्रवासीच असतो. मित्राकडे स्वतःचा हेलिकॉप्टर परवाना असला, तरी एकच वैमानिक लागणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये तो नुसता शेजारी बसला असेल तर तोही प्रवासीच. ‘तो पायलट आहे, चालते’ हे वाक्य मी बरेचदा ऐकले आहे. ते चालत नाही. तुम्हाला शिकवण्यासाठी बसलेला प्रशिक्षक मात्र या हिशेबात प्रवासी धरला जात नाही, आणि ही तरतूद अमेरिकेत आणि युरोपात दोन्हीकडे आहे.

पाचवी पायरी : रात्रीचा हिशेब

या भागाला वेळ द्यावा, कारण मी स्वतः येथेच तोंडघशी पडलो आहे.

अमेरिकेत ‘रात्र’ हा एक शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो. हेलिकॉप्टरचे स्थानदर्शक दिवे सूर्यास्त ते सूर्योदय लावावे लागतात. लॉगबुकात रात्रीचे तास लिहायचे ते संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश (सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा उजेड) संपल्यापासून पहाटेचा सुरू होईपर्यंतचे. आणि प्रवासी नेण्यासाठीचा रात्रीचा अनुभव मोजायचा तो सूर्यास्तानंतर १ तासाने सुरू होऊन सूर्योदयाच्या १ तास आधी संपणाऱ्या काळातला. या काळात प्रवासी न्यायचे असतील तर मागच्या ९० दिवसांत याच काळात ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेली हवीत, आणि प्रत्येक लँडिंग पूर्ण थांबून केलेली हवी. टेकून लगेच उचललेली नाही.

अमेरिकेत शिकत असताना ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी मी हा अनुभव पुरा करायला निघालो. सूर्यास्त ६ वाजून ३१ मिनिटांनी होता. मी ७ वाजून १० मिनिटांनी पहिला टेकऑफ केला आणि ७.१८ ला उतरलो. दुसरे सर्किट ७.२४ ते ७.३४, तिसरे ७.४० ते ७.४९. आकाश पहिल्या फेरीपासून काळेकुट्ट होते, धावपट्टीचे दिवे लागलेले होते, आणि लॉगबुकाच्या रात्रीच्या रकान्यात मी ठळकपणे ३ लिहिले. आठवड्याने प्रशिक्षकाने ते पान पुढे ओढले, पेन्सिलने ७.३१ असा आकडा समासात लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. रेघेच्या पुढे माझी लँडिंग २ उरली होती, आणि टेकऑफ फक्त १, कारण दुसरा टेकऑफ रेघेच्या ७ मिनिटे आधीचा होता. रात्रीचे तास म्हणून मी लिहिलेला वेळ योग्यच होता. प्रवासी नेण्यासाठीचा हिशेब मात्र चुकलेला होता. शनिवारी मी दोघांना शहराचे दिवे दाखवायला नेणार होतो. तो बेत रद्द केला आणि शुक्रवारी पुन्हा एकटा जाऊन तीन सर्किटे केली, ती साडेआठनंतर.

तेव्हापासून मी रात्रीच्या सरावाला निघण्यापूर्वी सूर्यास्ताची वेळ आणि तिच्यापुढच्या एका तासाची वेळ मांडीवरच्या पॅडवर लिहून घेतो. आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे जास्त जपावे लागते. पणजीत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटांत विरतो. ‘दिवेलागण झाली म्हणजे रात्र’ ही सवय आपल्या अंगात असते. उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात तोच संधिप्रकाश कितीतरी रेंगाळतो.

युरोपात हिशेब हलका आहे. रात्री प्रवासी नेण्यासाठी मागच्या ९० दिवसांत किमान १ टेकऑफ, १ अप्रोच आणि १ लँडिंग रात्री केलेली पुरते, आणि ज्याच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न पाहता उपकरणांवर उडण्याची मान्यता) आहे त्याला ही अटही नाही. अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंगमुळे रात्रीच्या या तीन लँडिंगमधून सुटका होत नाही. उलट दिशेने एक फायदा आहे : रात्री केलेली लँडिंग दिवसाच्या हिशेबातही धरता येतात, दिवसाची रात्रीसाठी धरता येत नाहीत.

सहावी पायरी : मुदत संपली असेल तर

घाबरण्यासारखे काही नसते. मुदत संपल्याने परवाना जात नाही. फक्त प्रवासी नेता येत नाही. तुम्ही एकटे जाऊन सर्किटे करू शकता, किंवा प्रशिक्षकाला घेऊन जाऊ शकता. अमेरिकेत मात्र त्याआधी दर २४ कॅलेंडर महिन्यांनी लागणारा फ्लाइट रिव्ह्यू झालेला आहे ना, हे पाहावे. तो किमान १ तास जमिनीवरच्या आणि १ तास हवेतल्या प्रशिक्षणाचा असतो, आणि त्याची मोजणी दिवसांवर नव्हे तर महिन्यांवर चालते. फ्लाइट रिव्ह्यू चालू असणे आणि तीन लँडिंग असणे या दोन वेगळ्या अटी आहेत; एकीमुळे दुसरी आपोआप भागत नाही.

तीन महिन्यांच्या खंडानंतर एकट्याने जावे की प्रशिक्षकासोबत, याचे उत्तर नियम देत नाही. माझा सल्ला असा की एकूण तास शंभराच्या आत असतील तर प्रशिक्षकाचे पैसे द्यावेत. सराव सुटल्यावर सर्वात आधी पायांचा अंदाज जातो. होव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी स्थिर असताना, कलेक्टिव्ह किंचित वर घेतले की नाक एका बाजूला वळू लागते, आणि पूर्वी जो पाय विचार न करता पेडलवर दाब देत असे तो आता अर्धा सेकंद उशिरा जागा होतो. त्यामागोमाग अप्रोचचा कोन बिघडतो. माणूस वेगात आणि उंच येतो, शेवटी सायक्लिक मागे ओढून वेग मारतो, आणि वाऱ्याकडे त्याचे लक्षच उरत नाही.

म्हणून ती तीन सर्किटे एकसारखी करू नयेत. पहिले नेहमीच्या कोनातून करावे. दुसरे तीव्र उताराच्या अप्रोचने, जणू समोर माडांची रांग आहे आणि पलीकडे उतरायचे आहे. तिसरे आडव्या वाऱ्यात, नाक वाऱ्याकडे न वळवता होव्हर धरून. प्रशिक्षक सोबत असेल तर दोन-तीन ऑटोरोटेशन (इंजिनाच्या जोराशिवाय नुसत्या फिरत्या रोटरवर उतरण्याचा सराव) मागून घ्यावेत. त्यांची अट या नियमात नाही, पण आर-२२ सारख्या हेलिकॉप्टरमध्ये हाताने आपसूक कलेक्टिव्ह खाली घेणे ही सवय खंडानंतर तपासून पाहण्याजोगी आहे. गोव्याच्या सड्यांवर उतरायचे कधी योग आले तर एप्रिल-मे महिन्यांत रोटरच्या वाऱ्याने तांबडी धूळ अशी उठते की शेवटच्या काही फुटांत जमीन दिसेनाशी होते. तेथे कोन आणि वेग आधीच बरोबर असावे लागतात, धुळीत शिरल्यावर सुधारायला जागा नसते.

भारतात नोकरी करताना

व्यावसायिक उड्डाणांत जबाबदारी वैमानिकाबरोबर कंपनीवरही येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ६ चा भाग ३ हेलिकॉप्टरांसाठी आहे. मागच्या ९० दिवसांत त्याच टाइपच्या हेलिकॉप्टरवर किंवा मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर किमान ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग केल्याशिवाय कंपनीने वैमानिकाला कामावर लावू नये, असे त्यात सांगितले आहे, आणि ही अट सहवैमानिकालाही लागू आहे. भारत या संघटनेचा सदस्य आहे. जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी किंवा पर्यटकांना किनारा दाखवणारी उड्डाणे असोत, रुजू होताना डीजीसीएच्या संकेतस्थळावरील हेलिकॉप्टर परिचालनाची नियमावली आणि कंपनीचे ऑपरेशन्स मॅन्युअल ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. मॅन्युअलमधली अट अधिक कडक असली तर तीच पाळायची असते. रोस्टर लावणाऱ्याकडे संगणकात तुमच्या तारखा असतात. तरी स्वतःचा हिशेब स्वतः ठेवावा, कारण रजा वाढली, आजारपण आले किंवा पावसात फेऱ्या रद्द झाल्या की संगणकातली आणि लॉगबुकातली तारीख जुळेनाशी होते.

नोंद करताना लँडिंगचा नुसता आकडा लिहू नये. दिवसाचे टेकऑफ, दिवसाची लँडिंग, रात्रीचे टेकऑफ, रात्री पूर्ण थांबून केलेली लँडिंग, हेलिकॉप्टरचे नेमके मॉडेल आणि रात्रीच्या फेऱ्यांची घड्याळी वेळ एवढे शेऱ्याच्या रकान्यात मावते. मग चालू पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने दोन तारखा लिहाव्यात, एक दिवसाची आणि एक रात्रीची, आणि दर उड्डाणानंतर त्या खोडून नव्या घालाव्यात. दोन मॉडेल उडवत असाल तर चार तारखा होतील.